तब्येतीसाठी क्रॉस-कंट्री स्कीइंग: पहिला हिवाळा कसा घालवावा

ऑस्लोमध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सकाळी सव्वानऊनंतर उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या आत मावळतो. पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून नोकरीसाठी इथे आलेल्या माणसाचा पहिला हिवाळा बहुधा घर, मेट्रो आणि ऑफिस यांच्यातच सरतो. वजन वाढते, झोप बिघडते आणि फेब्रुवारी येईपर्यंत मन इतके जड होते की घरी फोन लावायचाही कंटाळा येतो. माझे पहिले दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी क्रॉस-कंट्री स्कीइंग शिकलो आणि तेव्हापासून हिवाळा मला नकोसा वाटलेला नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड किंवा अशाच एखाद्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या, व्यायामाची फारशी सवय नसलेल्या मराठी माणसाने सुरुवात कशी करावी, त्यातून शरीराला आणि मनाला नेमके काय मिळते आणि कुठे जपावे, हे मी पुढे सांगत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. लिफ्टने डोंगरमाथ्यावर जाऊन वेगाने खाली येण्याचे स्कीइंग वेगळे आणि हे वेगळे. क्रॉस-कंट्रीमध्ये स्की अरुंद आणि हलकी असते, बूट फक्त पुढच्या टोकाशी अडकवलेला असतो, टाच मोकळी राहते आणि माणूस सपाट किंवा हलक्या चढउताराच्या वाटेवर स्वतःच्या ताकदीने जातो. नॉर्वेत याला लांगरेन म्हणतात. त्याच्या दोन पद्धती आहेत. बर्फात यंत्राने कोरलेल्या दोन समांतर चरांतून चालल्यासारखे सरकत जायचे, ती क्लासिक पद्धत. आणि बर्फावर स्केटिंग करावे तसे पाय बाहेर फेकत जायचे, ती स्केटिंगची पद्धत. दुसरीत दम फार लागतो, म्हणून नवशिक्याने पहिली दोन वर्षे तरी क्लासिकच करावे, असे माझे ठाम मत आहे.

शरीराला काय मिळते

चालताना किंवा धावताना बहुतेक काम पाय करतात. इथे हातांतल्या काठ्यांमुळे ते काम वाटले जाते. काठी बर्फात रोवून मागे रेटताना दंडाच्या मागचे स्नायू, पाठीचे रुंद स्नायू आणि पोट कामाला लागते. पायाने मागे रेटताना मांड्या, नितंब आणि पिंढऱ्या लागतात. एकाच वेळी इतके स्नायू रक्त मागत असल्यामुळे हृदयाला आणि फुप्फुसांना भरपूर काम मिळते, पण कोणत्याही एका अवयवावर सगळा भार येत नाही. जगात ऑक्सिजन वापरण्याची सर्वाधिक क्षमता ज्या खेळाडूंमध्ये मोजली गेली, त्यांत क्रॉस-कंट्री स्कीपटू वर्षानुवर्षे आघाडीवर राहिले आहेत, त्याचे कारण हेच.

आपल्याला अर्थातच स्पर्धेत उतरायचे नाही. ७० किलो वजनाच्या माणसाला सपाट रस्त्यावर तासभर झपाझप चालायला साधारण ३०० कॅलरी लागतात; तोच माणूस तासभर अगदी हळू स्कीइंग करतो तेव्हा ४५० ते ५०० कॅलरी खर्च होतात. गुडघ्याच्या दृष्टीनेही ही चाल सौम्य आहे, कारण पाऊल आपटत नाही, सरकते. डांबरी रस्त्यावर धावून ज्यांचे गुडघे कुरकुरू लागले आहेत, अशा चाळिशीतल्या माणसांना हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो. शिवाय प्रत्येक पावलाला शरीर क्षणभर एकाच पायावर तोललेले असते. त्यामुळे घोट्याभोवतीचे आणि कमरेचे लहान स्नायू पक्के होतात, आणि बर्फाळ शहरात राहणाऱ्या प्रौढ माणसासाठी न पडण्याची ही तयारी फार मोलाची आहे.

आपल्या लोकांसाठी याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. भारतीय वंशाच्या माणसांना मधुमेह आणि हृदयविकार युरोपीय माणसांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनातही गाठतात. मोठे स्नायू दीर्घकाळ, पण झेपेल इतक्याच जोराने कामाला लावले की ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतात. अशा कामासाठी तासभर हळू स्कीइंगइतका सोयीचा हिवाळी व्यायाम मला दुसरा माहीत नाही.

वेग: तेराचा पाढा

या सगळ्या फायद्याची किल्ली वेगात नाही, संथपणात आहे. नवखा माणूस चरात उतरतो, शेजारून सत्तरीचे आजोबा सहज पुढे निघून जातात आणि मग तो त्यांच्यामागे धापा टाकत सुटतो. अशाने दहा मिनिटांत दम संपतो, चाल बिघडते, घाम येतो, घाम गार होतो आणि माणूस हताश होऊन घरी जातो. मी माझ्या ओळखीच्या सगळ्यांना एकच माप सांगतो: जाता जाता तेराचा पाढा मोठ्याने म्हणावा. प्रत्येक ओळ एका श्वासात पुरी होत असेल तर वेग योग्य आहे. ‘तेर चोक बावन्न’ म्हणताना मध्येच श्वास तुटत असेल तर थांबावे, काठ्यांवर रेलून उभे राहावे आणि मग आणखी हळू निघावे. चढावर श्वास तुटणारच. तिथे सरळ चालावे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. कामाच्या दोन दिवशी संध्याकाळी पाऊणपाऊण तास आणि रविवारी सावकाश दीड तास, इतक्यात तो हिशेब पुरा होतो. पहिले दोन आठवडे मात्र यातले निम्मेच करावे.

काय घ्यावे, काय घेऊ नये

पहिल्या वर्षी काहीच विकत घेऊ नये. नॉर्वेत बऱ्याच ठिकाणी बीयूए नावाची उसनवारीची केंद्रे आहेत, तिथून स्की, बूट आणि काठ्या फुकट वापरायला मिळतात. अशी सोय जवळ नसेल तर दुकानातून भाड्याने घ्यावे. मागताना ‘फेलेस्की’ मागावी. या स्कीच्या तळाला पायाखालच्या भागात मोहेअरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचे, दोन पट्टे असतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसे ते एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. जुन्या पद्धतीच्या स्कीला दर वेळी बर्फाच्या तापमानाप्रमाणे मेण लावावे लागते. ते एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि मेण चुकले तर नवशिक्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही.

स्कीची निवड उंचीपेक्षा वजनावरून करायची असते, आणि इथे लाजून चुकीचे वजन सांगितले तर पुढे महिनोन्‌महिने त्रास होतो. स्की धनुष्यासारखी मधे उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहिल्यावर पायाखालून कागद सरकला पाहिजे, आणि सगळा भार एका पायावर टाकल्यावर त्या स्कीखाली तोच कागद अडकला पाहिजे. कागद दोन्ही वेळा सरकला तर स्की तुमच्यासाठी कडक आहे, पकड मिळणार नाही. दोन्ही वेळा अडकला तर मऊ आहे, सरकणार नाही. चांगल्या दुकानात ही चाचणी न मागता करून दाखवतात. काठीची लांबी उंचीच्या साधारण ८३ ते ८५ टक्के, म्हणजे जवळपास खांद्यापर्यंत असावी. बुटात बोटे हलली पाहिजेत; घट्ट बुटात पाय नक्की गारठतो.

कपड्यांत आपली माणसे हमखास एक चूक करतात: आत सुती बनियन आणि वर जाडजूड जॅकेट. सुती कापड घाम धरून ठेवते आणि थांबल्याबरोबर अंग बर्फासारखे गार पडते. अंगालगत पातळ लोकरीचा पूर्ण बाह्यांचा थर असावा, त्यावर वारा अडवणारे हलके जॅकेट, आणि पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा लोकरी स्वेटर, जो थांबल्यावर लगेच चढवायचा. घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. तशी वाजली नाही तर कपडे जास्त झाले आहेत, कारण दहा मिनिटांत अंग तापते. बोटे लवकर गारठणाऱ्यांनी पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी सगळी बोटे एकत्र राहतील असे मोजे घ्यावेत.

पिशवीत थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि थोडे खाणे असावे. इथले लोक संत्री आणि चॉकलेट नेतात. आपल्याकडचे डिंकाचे किंवा शेंगदाण्याचे लाडू उत्तम चालतात, पण ते जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावेत. संक्रांत ऐन हंगामात येते, तेव्हा गूळपोळीही न्यावी. उणे आठ तापमानात झाडाखाली उभे राहून खाल्लेल्या गूळपोळीची चव काही वेगळीच लागते. चिक्की मात्र गारठून दगडासारखी होते, ती दातांच्या भल्यासाठी घरीच ठेवावी.

पहिला दिवस

दिवस असा निवडावा की तापमान उणे २ ते उणे १० च्या मध्ये असेल आणि नुकतेच यंत्राने चर पाडलेले असतील. शून्याच्या वर बर्फ पाणथळ होतो; रात्री तोच गोठला तर सकाळी काचेसारखा लागतो आणि नवशिक्याला सावरत नाही. ऑस्लोभोवतीच्या जंगलातल्या वाटा १८८३ मध्ये स्थापन झालेली स्कीफोरेनिंगेन ही संस्था राखते, आणि यंत्र कुठून केव्हा फिरले ते इंटरनेटवर पाहता येते. मोठ्यांसाठीही शिकवणीचे वर्ग असतात. दोन-तीन वर्ग जरूर करावेत.

पहिली वीस मिनिटे काठ्या बाजूला ठेवाव्यात. याला सगळे कां-कूं करतात, पण खरी चाल काठ्यांशिवायच कळते. सपाट चरात उभे राहावे, गुडघे जरा सैल सोडावेत, घोट्यातून पुढे झुकावे आणि आधी नुसते चालावे. मग एका पायाने बर्फ खाली दाबून रेटावा आणि दुसऱ्या पायावर पूर्ण भार टाकून तो जिथवर नेईल तिथवर सरकत राहावे. लहानपणी जो लंगडी खेळला आहे त्याला हा तोल परका नाही. छातीचे हाड, गुडघा आणि अंगठा एका रेषेत सरकणाऱ्या पायावर आले की स्की आपोआप लांब जाते. दोन्ही पायांवर अर्धाअर्धा भार ठेवून खुरडत राहणे हीच नवशिक्याची मुख्य चूक असते. भीती वाटते म्हणून ती होते, आणि भीती जायला चार-पाच फेऱ्या लागतात.

काठ्या घेतल्यावर उजवा हात आणि डावा पाय, डावा हात आणि उजवा पाय, असे चालताना होते तसेच होऊ द्यावे. काठीच्या मुठीला असलेल्या पट्ट्यातून हात खालून वर घालावा आणि पट्टा मुठीत धरावा, म्हणजे रेटा पट्ट्यावर येतो आणि मूठ आवळावी लागत नाही.

पडणे होणारच, म्हणून उठणे पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे. माझ्या शेजारच्या आजींनी मला ते शिकवले, आणि त्यांनी आधी मला मुद्दाम पाच वेळा बर्फात आडवे व्हायला लावले. पडल्यावर धडपडू नये. पाठीवर वळून दोन्ही पाय वर करावेत म्हणजे गुंतलेल्या स्की सुटतात. मग कुशीवर येऊन दोन्ही स्की एकमेकींना समांतर, अंगाखाली आणि उताराला आडव्या आणाव्यात. त्यानंतर दोन्ही गुडघ्यांवर यावे, एक पाऊल पुढे रोवावे, त्याच गुडघ्यावर हात टेकवून उभे राहावे. काठ्यांवर जोर देऊन उठायला गेलात तर खांदा दुखावतो. उठण्याआधी मागून कुणी येत असेल तर चरातून बाजूला सरकावे, कारण उतारावरून येणाऱ्याला वाट देण्याची इथली रीत आहे.

उतारासाठी स्कीची पुढची टोके जवळ आणि मागच्या शेपट्या एकमेकींपासून दूर ठेवून, गुडघे वाकवून, आतल्या कडांवर दाब द्यायचा, म्हणजे वेग कमी होतो. चढासाठी याच्या उलट: टोके फाकवून, माशाच्या काट्यासारखे ठसे उमटवत वर जायचे. मी आठव्याच दिवशी हे पुरते न शिकता एका लांब उतारावर गेलो, काठीवर पडलो आणि हाताच्या अंगठ्याचा अस्थिबंध दुखावून सहा आठवडे घरी बसलो. उताराची भीती वाटली तर स्की काढाव्यात आणि चर सोडून कडेने पायी उतरावे. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी ९ नियम आहेत. त्यांतला आठवा सांगतो की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.

मनाला काय मिळते

आधी एक गैरसमज दूर करतो. हिवाळ्यात बाहेर पडलो म्हणजे ड जीवनसत्त्व मिळेल, असे आपल्याकडचे लोक समजतात. ऑस्लोच्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की त्वचेला ते तयार करता येत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर मुळीच नाही. ते कॉडलिव्हर ऑइलमधून किंवा गोळ्यांतून, डॉक्टरांना विचारून घ्यावे. पण प्रकाश डोळ्यांत जाणे ही वेगळी गोष्ट आहे. ढगाळ दुपारीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या अनेक पट असतो, बर्फ तो वर परतवतो, आणि दिवसाच्या त्या उजेडाने शरीराचे घड्याळ जागेवर राहते, रात्री झोप लागते. म्हणून शनिवारी-रविवारी सकाळी अकराच्या सुमारास निघणे सर्वांत चांगले. संध्याकाळी दिव्यांच्या वाटेवर व्यायाम होतो, पण हा लाभ मिळत नाही.

स्वीडनमध्ये १९२२ पासून वासालोपेत ही सेलेन ते मूरा अशी ९० किलोमीटरची शर्यत होते. १९८९ ते २०१० या काळात तिच्यात उतरलेल्या सुमारे दोन लाख लोकांची, तितक्याच इतर लोकांशी तुलना करणारा एक स्वीडिश अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्की करणाऱ्यांमध्ये पुढच्या काळात चिंताविकाराचे निदान होण्याचे प्रमाण जवळजवळ ६० टक्क्यांनी कमी आढळले. इथे सावधपणे वाचायला हवे, कारण जो माणूस ९० किलोमीटरच्या शर्यतीला उतरतो तो आधीपासूनच निरोगी असण्याची शक्यता अधिक असते. सगळे श्रेय एकट्या स्कीला देता येणार नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: सर्वांत वेगवान स्त्रियांमध्ये चिंतेचा धोका संथ स्त्रियांपेक्षा जास्त होता. वेगाच्या मागे लागू नका, हे मी का सांगतो ते यावरूनही समजावे.

माझ्या अनुभवात मनाला शांत करणारी गोष्ट त्या चालीचा ठेका आहे. काठी, सरक, काठी, सरक. वर्षानुवर्षे जात्यावर दळणाऱ्या हातासारखा तो एकदा बसला की विचार आपोआप विरळ होतात. बर्फाने भरलेल्या जंगलात आवाज शोषला जातो आणि फक्त स्कीची सळसळ ऐकू येते. फोन पिशवीत तळाशी ठेवावा. कानात गाणी लावू नयेत. मागून येणारा माणूस ऐकू आला पाहिजे, हे झालेच, पण ती शांतताच तर आपण घ्यायला आलेले असतो. आणि शक्य तितके कुणाच्या तरी सोबतीने जावे. एकटेपणा हा परदेशातल्या हिवाळ्याचा मोठा आजार आहे. वाटेवरच्या लाकडी घरात, एका बाकावर अनोळखी माणसांशेजारी वाफाळता कप धरून बसले की मितभाषी नॉर्वेजियन माणूसही बर्फ कसा आहे, यावर आपणहून बोलतो.

कुठे जपावे

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास असेल, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेले कुणी असेल, तर हंगामाआधी डॉक्टरांना दाखवावे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटे अगदी सावकाश जावे. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, असामान्य दम जाणवला तर तिथेच थांबावे आणि मदत बोलवावी. दम्याच्या रोग्याने तोंडावरून लोकरी पट्टी घ्यावी, औषध आतल्या खिशात ठेवावे आणि उणे १५ च्या खाली जाऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्याने सोबत साखर ठेवावी.

अतिरेकाचाही दोष आहे. वासालोपेतच्या सुमारे ५२ हजार स्पर्धकांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी सर्वाधिक शर्यती पूर्ण केल्या आणि जे सर्वांत वेगवान होते, त्यांच्यात हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेचे प्रमाण अधिक होते. आठवड्याला तीन-चार तास जाणाऱ्याने याने घाबरू नये. वर्षानुवर्षे शर्यतीची तयारी करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

मार्चनंतर ऊन तापते आणि ताजा बर्फ अतिनील किरणांचा फार मोठा भाग परत फेकतो. काळा चष्मा आणि हनुवटीखालीसुद्धा सनस्क्रीन लावावे. सावळ्या कातडीला काही होत नाही, हा समज मी स्वतः नाकाची साल निघाल्यावर सोडला.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांना गुलमर्गला बर्फ मिळतो. तिथे होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत नॉर्डिक स्कीइंगही (क्रॉस-कंट्री ज्यात मोडते तो प्रकार) असते. पण तेवढ्यासाठी काश्मीर गाठायची गरज नाही. दोन काठ्या घेऊन चालण्याचा नॉर्डिक वॉकिंग हा प्रकार फिनलंडमध्ये स्कीपटूंच्या उन्हाळी सरावातूनच निघाला, आणि तो टेकडीवर रोज सकाळी करता येतो. इथल्या माणसांनीही ऑगस्टपासून आठवड्यातून दोनदा तेच करावे, म्हणजे पहिल्या बर्फाला हात आणि कंबर तयार असते.

एप्रिलमध्ये वाटेवर माती दिसू लागली की स्की पुसून कोरड्या कराव्यात, तळाच्या गुळगुळीत भागाला सरकमेणाचा (स्की नीट सरकावी म्हणून लावायच्या मेणाचा) जाड थर द्यावा, मोहेअरच्या पट्ट्यांना तो लागू देऊ नये, आणि जोडी न आवळता, सैल बांधून उन्हापासून दूर, थंड कोपऱ्यात उभी करावी.